म्हणणारा कोण?

टाइपरायटरवर तळटीप बसवायची तर कागद चढवण्याआधी हिशेब करावा लागे. या पानावर टिपा किती, त्यांच्या ओळी किती, म्हणजे वरचा मजकूर कुठे थांबवायचा, हे आधी ठरवायचं. मी कागदाच्या डाव्या कडेला पेन्सिलीने बारीक खूण करत असे आणि बोटं चालू असताना नजर त्या खुणेवर ठेवत असे. खूण चुकली की शेवटची टीप पानाबाहेर जाई आणि पान पुन्हा पहिल्या ओळीपासून. तीन कार्बन लावलेले असले तर चार कागद वाया.

१९९३ साली पहाडगंजमध्ये, चुना मंडीतल्या एका गल्लीत, तळमजल्यावरच्या दहा बाय आठच्या खोलीत मी हे काम सुरू केलं. प्रबंध, अहवाल, लेख टाइप करायचे, संदर्भ नीट लावायचे, बाइंडरकडून रेक्झिनची बांधणी आणि सोनेरी अक्षरं करून द्यायची. सुरुवातीला गिऱ्हाईक मुलं मला ताई म्हणायची, आता काकू म्हणतात. खोली तीच आहे.

माझे वडील रेल्वेत होते. बसंत लेनच्या क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. पहाडगंज म्हणजे नवी दिल्ली स्टेशनाची एक बाजू, मेन बाजार, स्वस्त हॉटेलं, परदेशी प्रवासी, एवढंच बाहेरच्यांना ठाऊक असतं. पण इथे नूतन मराठी शाळा आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे, गणपती आहे. महाराष्ट्रातून शिकायला आलेली मुलं स्टेशनाच्या या बाजूला उतरली की कोणीतरी त्यांना माझ्या खोलीचा पत्ता सांगे. २००५ च्या अखेरीस रामकृष्ण आश्रम मार्गावर मेट्रो आली आणि लांबच्या वसतिगृहांतली मुलंही येऊ लागली. मराठी, हिंदी, तमिळ, मणिपुरी घरांतली. बहुतेकांच्या घरात इंग्रजीत प्रबंध लिहिणारं तेच पहिलं माणूस असे.

तेव्हा माझी समजूत अशी होती की माझं काम उतरवण्याचं आहे. समोर जे आहे ते स्वच्छ उतरवायचं. मला इंग्रजी वेगाने टाइप करता येत होतं, पण इंग्रजी वाक्य कसं उभं राहतं ते कळत नव्हतं. ही उणीव किती महाग पडते, ते १९९७ साली कळलं.

इतिहासाचा एक संशोधक होता. प्रबंध तीनशे पानांचा, टिपा साडेसहाशेच्या वर. मी नुकताच संगणक घेतला होता आणि टिपांचे आकडे आपोआप बदलतात याचं मला फार अप्रूप होतं. छापायच्या आदल्या संध्याकाळी तो एक चिठ्ठी घेऊन आला. पाचव्या प्रकरणात एक टीप वाढवायची होती. मी ती दोन टिपांच्या मधे घातली. पुढचे सगळे आकडे यंत्राने बरोबर सरकवले. मी निर्धास्त झाले.

त्या नव्या टिपेच्या खाली आधीपासून ‘इबिड’ लिहिलेलं होतं, पुढे पानाचा क्रमांक. इबिड म्हणजे ‘वरच्याच ठिकाणी’. आपल्याकडे मराठी ग्रंथांत तिथे ‘तत्रैव’ लिहितात, आणि जुन्या हिशेबाच्या वह्यांत ‘कित्ता’ लिहीत. मधे नवं पुस्तक शिरल्यामुळे ‘वरच्याच ठिकाणी’ म्हणजे आता वेगळंच पुस्तक झालं होतं. एका इतिहासकाराचं मत दुसऱ्याच्या नावावर गेलं, आणि तो दुसरा तर आयुष्यभर त्या मताच्या विरोधात लिहीत आलेला. बाहेरच्या परीक्षकांनी हे नेमकं पकडलं. पुढच्या टिपांवरचाही त्यांचा विश्वास उडाला. प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला, तोंडी परीक्षा आठ महिने लांबली आणि त्या आठ महिन्यांत त्याची एक नोकरी हातची गेली.

तो चिडला नाही. ‘ताई, मीही वाचायला हवं होतं’ एवढंच म्हणाला. त्यापेक्षा तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

शेजारच्या गल्लीत एक निवृत्त गृहस्थ राहत. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे कोकणातले. सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण संध्याकाळी ते मुलांना फुकट शिकवत. पेन्शनचे अर्ज टाइप करायला ते माझ्याकडे येत. त्यांना मी हा प्रकार सांगितला. त्यांनी विचारलं, ‘इबिडचा अर्थ तुला ठाऊक होता?’ मी नाही म्हटलं. ‘मग तू शब्द टाइप केला नाहीस, चित्र काढलंस. उद्यापासून दुपारी तीनला मोकळी राहा.’

दुसऱ्या दिवशी ते तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन आले. कव्हर गेलेलं, कडा तपकिरी. कित्येक पिढ्यांतली मराठी माणसं याच पुस्तकाच्या बोटाला धरून इंग्रजीत शिरली. पुढची दोन वर्षं, रविवार सोडून रोज, मी त्यांच्याकडे शिकले.

त्यांची रीत मराठीतून सुरू होई. शाळेत कर्ता ओळखायला काय शिकवतात? क्रियापदाच्या धातूला ‘णारा’ लावायचा आणि ‘कोण’ विचारायचं. ‘मुलीने आंबा खाल्ला.’ इथे ‘खाल्ला’ हे रूप आंब्याच्या मागे गेलं आहे. वरवर पाहिलं तर आंबाच मालक वाटतो. पण विचार, खाणारा कोण? उत्तर मुलगी. मास्तर म्हणत, ‘क्रियापदाचं रूप फसवेल, हा प्रश्न फसवणार नाही.’

मग ते इंग्रजीकडे वळत. माझ्या गिऱ्हाइकांच्या लेखनात एक चूक हमखास असे. ‘द लिस्ट ऑफ बुक्स आर लाँग.’ मास्तरांनी मला मराठीत बोलायला लावलं. ‘पुस्तकांची यादी लांब आहे.’ इथे ‘आहेत’ असं कोणीही म्हणत नाही, कारण मराठीत ‘यादी’ हा शब्द क्रियापदाच्या जवळ बसतो आणि ‘पुस्तकांची’ आधीच मागे पडलेला असतो. इंग्रजीत मात्र ‘बुक्स’ क्रियापदाला चिकटून येतो आणि कान फसतो. म्हणून तिथेही विचारायचं, लांब असणारी कोण? यादी. मग ‘इज’. त्यानंतर ही चूक मला मुलांना कधी दोनदा समजवावी लागलेली नाही. ज्याला मराठी येतं त्याला इंग्रजी व्याकरणाचा निम्मा रस्ता आधीच चालून झालेला असतो, फक्त तो रस्ता कोणी दाखवत नाही.

‘अ’ आणि ‘द’ यांचंही तसंच. आपल्याकडे ही उपपदं नाहीत, म्हणून मुलं ती मिठासारखी अंदाजाने टाकतात. मास्तर विचारत, ‘कोणता ते ऐकणाऱ्याला ठाऊक आहे का? असेल तर द. नसेल आणि एकच असेल तर अ.’ नियमाला अपवाद पुष्कळ आहेत, पण एवढ्यावर प्रबंधाची बरीच पानं निभतात.

त्या काळात मला आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून कळली. मराठी गद्यात आज आपण स्वल्पविराम, अवतरणचिन्हं सहज वापरतो, ती पूर्वी अशी नव्हती. ती रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडींना दिलं जातं, मोल्सवर्थांच्या शब्दकोशाच्या कामातले तेच कँडी. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ सालचं, तेही इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर रचलेलं. म्हणजे हे दोन शेजारी पूर्वीपासून एकमेकांच्या घरी जाऊन-येऊन आहेत. माझी इंग्रजीची भीती तिथे बरीच ओसरली.

एके दुपारी मी टाइप केलेलं एक पान मास्तरांनी हातात घेतलं. तिथे वाक्य होतं, ‘इट इज सेड दॅट’ आणि पुढे एक मोठं विधान. खाली टीप नव्हती. त्यांनी त्या वाक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘म्हणणारा कोण?’

मी चार वर्षं तळटिपा टाइप करत होते. तळटीप कशासाठी असते ते मला त्या क्षणी कळलं. व्याकरण वाक्याला जो प्रश्न विचारतं, तोच प्रश्न संदर्भ विधानाला विचारतो. आपल्या भाषेत ‘म्हणे’ असा एक सुंदर शब्द आहे. ‘तो दिल्लीला गेला म्हणे.’ ऐकलं आहे, पण माझ्या अंगावर नाही, एवढं त्या एका शब्दात येतं. गप्पांना तो पुरतो, प्रबंधाला पुरत नाही. तिथे म्हणणाऱ्याचं नाव लागतं, साल लागतं, पान लागतं.

त्यानंतर मी संदर्भांच्या पद्धतींकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. मुलांना त्या जाचक वाटतात. कुठे स्वल्पविराम, कुठे पूर्णविराम, कुठे तिरपं अक्षर. टाइपरायटरला तिरपं अक्षर नव्हतं, म्हणून पुस्तकाच्या नावाखाली रेघ मारत. देवनागरीत तिरप्या अक्षराची मुळात परंपरा नाही, म्हणून मराठी ग्रंथांत अवतरणचिन्हं येतात. ही सगळी वरची वस्त्रं. आत प्रत्येक पद्धतीचा एकेक प्रश्न असतो. एपीए ही मानसशास्त्रज्ञांची पद्धत, १९२९ साली अवघ्या काही पानांच्या सूचनांतून सुरू झालेली. तिथे लेखकाच्या नावापाठोपाठ साल येतं, कारण प्रयोग कधीचा आहे यावर त्याची किंमत ठरते. एमएलए साहित्याची. तिथे मजकुरात नावापुढे पान येतं, कारण कवितेची नेमकी ओळ सापडायला हवी. शिकागो पद्धत १९०६ पासूनची. इतिहासकारांना तिच्या तळटिपा आवडतात, कारण कागदपत्राची हकिकत सांगायला खाली जागा मिळते. एकीत ‘केव्हा’ मोठा, दुसरीत ‘कुठे’, तिसरीत ‘कशावरून’. हे सांगितलं की मुलं पाठांतर सोडून विचार करू लागतात.

तरी या पद्धती आपल्या नावांसाठी शिवलेल्या नाहीत. आडनाव आधी हा नियम सोपा वाटतो. मग तमिळ विद्वान येतात, ज्यांच्या नावाआधीचं आद्याक्षर वडिलांचं असतं आणि आडनाव नसतंच. एका मुलीच्या यादीत कुसुमाग्रज ‘के’मध्ये होते आणि वि. वा. शिरवाडकर ‘एस’मध्ये, जणू दोन माणसं. दुसऱ्याने तुकारामांचं आडनाव शोधण्यात दोन दिवस घालवले. मी त्यांना सांगते, वाचक ज्या नावाने शोधेल त्या नावाला मुख्य नोंद द्या आणि दुसऱ्या नावापाशी तिकडे बोट दाखवा. नियमपुस्तकं इथपर्यंत आपल्याला मोकळीक देतात, फक्त ती घेण्याचं धैर्य लागतं.

एका संशोधकाने एकदा म. म. पां. वा. काणे यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चा एक खंड माझ्याकडे ठेवला होता. पाच खंड, पहिला १९३० चा, शेवटचा १९६२ चा, सहा हजारांहून अधिक पानं. मी तो रात्री चाळत बसले. काही पानांवर वर थोड्या ओळी आणि खाली बारीक टाइपात टिपाच टिपा. सूत्र, भाष्य, टीका, पानापानाचा हवाला. काण्यांना १९६३ साली भारतरत्न मिळालं. मला त्या रात्री दिसला तो एवढ्या लोकांचं म्हणणं ज्याचं त्याला परत देणारा माणूस. आणि कोणीतरी ते सगळे खिळे जुळवले होते, मुद्रितं तपासली होती, त्यांचीही मला आठवण झाली.

याच दिल्लीत, २६ अलीपूर रोडच्या घरात, डॉ. आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ पुरा केला. त्याचं टंकलेखन करणारे नानकचंद रत्तू दिवसा सरकारी नोकरी करत आणि संध्याकाळी बाबासाहेबांकडे कामाला बसत. ग्रंथ १९५७ साली, बाबासाहेबांच्या निधनानंतर आला. त्यात पानोपानी संदर्भ दिलेले नव्हते. पुढे भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना पाली ग्रंथांतली मुळं शोधून काढली. रत्तूंची आणि कौसल्यायनांची मेहनत मला एकाच प्रकारची वाटते. दुसऱ्याचं म्हणणं त्याच्याच नावाने, धक्का न लावता पुढे पोचवायचं.

आता माझ्या चुकीचा दुसरा भाग. सुरुवातीच्या वर्षांत कोणी पुस्तकातले उतारे जसेच्या तसे आणले की मी ते टाइप करून देत असे. पुढे उचललेला मजकूर पकडणारी सॉफ्टवेअर तपासणी आली तेव्हा काही जण म्हणाले, शब्द बदलून द्या. मी एक-दोघांना तेही करून दिलं. ‘शोज’च्या जागी ‘डेमॉन्स्ट्रेट्स’. पैसे घेतले. त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

२०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले. प्रबंधात इतरांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० ला एक वर्ष प्रबंध देता येत नाही, त्यापुढे नोंदणीच रद्द. अवतरणचिन्हांत नीट हवाला देऊन घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची यात धरत नाहीत. त्या वर्षी मराठवाड्यातला एक मुलगा आला. साम्य ३४ टक्के. चेहरा उतरलेला. मी विचारलं, ‘हे उतारे असे का घेतलेस?’ तो म्हणाला, ‘काकू, एवढ्या मोठ्या माणसाचं वाक्य मी कशाला बदलू? माझं इंग्रजी वाचून त्यांचा अपमान होईल.’

तो चोर नव्हता. त्याला आदर होता, तो दाखवायची रीत त्याला कोणी सांगितलेली नव्हती. मी त्याचं पुस्तक मिटलं आणि म्हटलं, ‘यांनी काय सांगितलंय ते मला मराठीत सांग. तुझ्या आईला सांगशील तसं.’ तो बोलत गेला, मी मराठीतच टाइप करत गेले. मग आम्ही एकेक वाक्य इंग्रजीत नेलं. क्रियापद कोणतं? म्हणणारा कोण? ‘प्रूव्ह्ज’ की ‘अर्ग्यूज’? त्यांनी सिद्ध केलंय की नुसतं मांडलंय? एका उताऱ्याची तीन वाक्यं झाली, साधी, त्याची स्वतःची, आणि खाली हवाला. जिथे मूळ शब्दच हवे होते तिथे अवतरणचिन्हं घातली. अकरा दिवस लागले. साम्य किती उरलं यापेक्षा शेवटच्या दिवशी तो आपल्याच वाक्यावर माझ्याशी वाद घालत होता, हे मला जास्त लक्षात आहे. शब्द बदलून देण्याचं काम मी तेव्हापासून कायमचं बंद केलं.

दुसरी एक मुलगी जात्यावरच्या ओव्यांवर लिहीत होती. बऱ्याच ओव्या तिने स्वतःच्या आजीकडून ऐकून उतरवल्या होत्या. खाली प्रत्येक ठिकाणी टीप एकच, ‘लोकपरंपरा, अज्ञात’. मी थांबले. ‘ही ओवी तुला कोणी म्हणून दाखवली?’ ‘आजीने.’ ‘मग म्हणणारी अज्ञात कशी?’ ओवी आजीने रचली की तिच्या आजीने, हे सांगता येणार नाही. पण कोणत्या गावात, कोणत्या दिवशी, कोणाच्या तोंडून ती ऐकली हे तर ठाऊक होतं. तिचा विभाग साहित्याचा, पद्धत एमएलए. तिच्यात प्रत्यक्ष मुलाखतीची नोंद ग्रंथांच्याच यादीत करता येते. आम्ही नोंद केली. आजीचं आडनाव, नाव, मुलाखत, गाव, तारीख. अक्षरक्रमाने यादी लावल्यावर आजी काण्यांच्या नोंदीखाली दोन ओळींवर आली. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई त्या यादीत आपल्या हक्काच्या जागी बसली होती. त्या दिवशी मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटला.

आता नवी अडचण आली आहे. मागच्या वर्षी एकाने तीस नोंदींची यादी आणली. स्वल्पविराम जागच्या जागी, तिरपी अक्षरं बरोबर, इंग्रजीत एक चूक नाही. मी नेहमीप्रमाणे काही नोंदी शोधल्या. लेखक खरे, नियतकालिकही खरं, पण तो लेख कुठल्याच अंकात नव्हता. असे चार निघाले. यादी त्याने यंत्राकडून लिहून घेतली होती. इतकी वर्षं मला चुकीच्या रूपात लिहिलेले खरे संदर्भ भेटले, त्या दिवशी अचूक रूपातले खोटे भेटले. वाक्य शुद्ध होतं, म्हणणारं कोणी नव्हतंच. तेव्हापासून यादी हातात घेतली की रूपाकडे पाहण्याआधी मी विचारते, ‘यातलं तू स्वतः काय काय उघडून पाहिलंस?’ जे पाहिलेलं नाही ते आधी पाहून यायचं, मग आपण स्वल्पविरामांकडे वळू.

प्रबंधाच्या सुरुवातीला ऋणनिर्देशाचं पान असतं. त्यात शेवटी टंकलेखन करणाऱ्याचं नाव येतं. पूर्वी मी ती ओळ घाईने टाइप करत असे. आता मुलांना म्हणते, हे पान सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सावकाश लिहा, कारण साडेसहाशे टिपांत न मावलेली माणसं इथे येतात.

या लेखात मी कोणाही गिऱ्हाइकाचं नाव दिलेलं नाही, कारण त्यांच्या अडचणी त्यांच्या आहेत. मास्तरांनीही आपलं नाव कुठे येऊ नये असं बजावलं होतं. ते २००९ साली गेले, पाठमाला माझ्याकडे आहे. नाव न देण्याचा शब्द मी पाळते आहे. पण मथळ्यातला प्रश्न माझा नाही, त्यांचा आहे. मी तो ऐकला पहाडगंजमध्ये, एका दुपारी तीननंतर.